रंगमंचामागील ब्रायन मे

जलशाचे दिवे मालवले आणि श्रोते घरोघर पांगले, म्हणजे वादक काय करीत असेल, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. रॉक संगीताच्या बाबतींत तर तो आणखीच क्वचित् येतो. कारण गोंगाट, झगमगाट आणि पैसा यांपलीकडे त्या वादकाला दुसरें आयुष्य असेल, असें वाटतच नाहीं. इंग्लंडमधील 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे यांचें चरित्र या समजुतीला उत्तर देतें.

'क्वीन' हें नांव महाराष्ट्राला अगदींच परकें नाहीं. तिचा प्रमुख गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांजीबारला जन्मलेला पारशी मुलगा फरोख बलसारा. त्याचें शालेय शिक्षण पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत झालें आणि मित्रांसह वाद्यवृंद काढण्याचा पहिला प्रयोगहि त्यानें तेथेंच केला. १९९१ सालीं तो वारला.

मे यांचा जन्म १९४७ सालीं लंडनजवळच्या हॅम्प्टन येथें झाला. वडील हॅरॉल्ड हे सरकारी विमानखात्यांत आरेखक होते आणि विद्युत्-उपकरणें घरीं बनविण्यांत मोठे तरबेज होते. मनाजोगी गिटार विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून १९६३ सालीं बापलेकांनीं ती घरींच करावयास घेतली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या लांकडी चौकटींतून कोरून काढली. तारांचा ताण सांभाळणाऱ्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या घेतल्या. आणि पट्टीवरचे शुभ्र ठिपके शिंपल्याच्या बटणांचे केले. सुमारें दोन वर्षांनीं वाद्य तयार झालें. नखीऐवजीं सहा पेन्सचें जुनें नाणें बोटांत धरून तेंच वाद्य ते आजवर वाजवीत आले आहेत.

पण जी गिटार वडिलांनीं स्वतः घडविली, तिनेंच मुलाला विद्येपासून दूर नेलें. मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकले आणि डॉक्टरेटसाठीं त्यांनीं राशिप्रकाशाचा विषय घेतला. सूर्याभोंवतीं ग्रहांच्या पातळींत अतिसूक्ष्म धूळ पसरलेली आहे. तिच्यावरून विखुरलेला उजेड सायंकाळनंतर पश्चिमेस किंवा पहाटेपूर्वीं पूर्वेस अंधुक सुळक्यासारखा दिसतो. ही धूळ कोणत्या वेगानें फिरते, हें तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून मोजावयाचें होतें. त्यासाठीं त्यांनीं टेनेरीफ बेटावरील पर्वतावरून वेध घेतले. काम बरेंच पुढें गेलें असतां १९७४ च्या सुमारास त्यांनीं प्रबंध बाजूला ठेवला आणि गिटार पत्करली. वडिलांना तें रुचलें नाहीं. पुढें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जलसा त्यांनीं पाहिला, तेव्हां कोठें त्यांच्या मनांतील अढी गेली.

त्या काळीं संगीताचा सारा व्यापार तबकडीवर चाले. जलसे करावयाचे ते तबकडी खपावी म्हणून. १९७५ सालीं निघालेलें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हें गाणें जवळजवळ सहा मिनिटांचें होतें. इतकें लांब गाणें रेडिओवर कोण लावील, अशी शंका जाणत्यांना होती. पण ब्रिटनमध्यें तें नऊ आठवडे अग्रस्थानीं राहिलें. पुढें तबकडी मागें पडून कॅसेट आली, कॅसेटमागून सीडी आली. १९९९ सालीं नॅप्स्टर निघालें आणि घरबसल्या एकमेकांस गाणीं फुकट देण्याची सोय झाली. १९९९ ते २०१४ या अवधींत अमेरिकेंतील ध्वनिमुद्रित संगीताचें उत्पन्न निम्म्याहून खालीं आलें. २००८ सालीं स्पॉटिफाय सुरू झालें. तेथें श्रोता गाणें विकत घेत नाहीं. तें ऐकण्यापुरतें भाडें देतो, आणि एका वेळच्या ऐकण्यामागें कलावंताच्या पदरीं पडतो तो पैशाचा अगदीं लहानसा अंश. व्यवहार असा उलटा झाला. पूर्वीं जलसा तबकडीची जाहिरात होता. आतां जलशावरच अनेकांचा चरितार्थ चालतो. थकल्या वयांतहि जुने वादक दौऱ्यावर निघतात, त्याचें एक कारण हें आहे. मे व ड्रमवादक रॉजर टेलर यांनींहि अ‍ॅडम लँबर्ट या तरुण गायकासह जगभर दौरे केले. २०२४ सालीं 'क्वीन'च्या गाण्यांचे हक्क सोनी कंपनीनें सुमारें एक अब्ज पौंडांना घेतल्याचें वृत्त प्रसिद्ध झालें. गाणें हें आतां वाड्याप्रमाणें किंवा शेतीप्रमाणें वर्षानुवर्षें उत्पन्न देणारी मिळकत झालें आहे.

या सगळ्या घडामोडींत तो अपुरा प्रबंध तसाच पडून होता. २००६ सालीं मे यांनीं तो पुन्हां हातीं घेतला. मधल्या तीस वर्षांत या विषयाकडे फार थोडे संशोधक वळले होते, म्हणून जुन्या मोजमापांचें मोल टिकून राहिलें होतें. नव्या ज्ञानाची जोड देऊन त्यांनीं लेखन पुरें केलें आणि २००७ सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, त्यांना डॉक्टरेट मिळाली. तबकडीचा बाजार इतक्या वेळां उठला आणि बसला, पण आकाशांतील धूळ आपल्या गतीनें फिरतच होती. हा दिवस पाहावयास हॅरॉल्ड मे मात्र नव्हते. १९८८ सालींच त्यांचें निधन झालें होतें.

२०२३ सालीं मे यांना 'सर' हा किताब मिळाला. २०२४ सालीं पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन त्यांचा डावा हात कांहीं काळ ताब्यांत राहिला नाहीं. तारा दाबावयाच्या त्या त्याच हातानें. उपचारांनीं तो सुधारला आणि त्यांनीं पुन्हां गिटार घेतली. शेकोटीच्या लांकडाची तीच गिटार, वडिलांच्या हातची.