नाकातील सूज मोजावी कशी?



पाय सुजला तर त्याला फीत लावता येते. नाकाच्या आतल्या सुजेला फीत कोठे लावावी? प्रश्न ऐकून हसू येईल. पण पिठाच्या गिरणीत, बेकरीत, जिनिंगमध्ये राबणाऱ्यांची रोजी कधी कधी त्यावरच अडते. धुळीने नाक चोंदते अशी कामगाराची तक्रार असते. तपासणी होते सुटीच्या दिवशी. नाक मोकळे निघते आणि माणूस लबाड ठरतो.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. कामगारांच्या निमित्ताने जे वाचले, विचारले, तेच सांगतो. नाकातील अस्तर रक्ताने फुगते आणि ओसरते. निरोगी माणसातही काही तास एक नाकपुडी मोकळी, तर दुसरी भरलेली, अशी पाळी बहुधा चालू असते. कायझर या जर्मन वैद्याने हे १८९५ साली नोंदवले. मग एकाच नाकपुडीचे एकदाच घेतलेले माप काय सांगणार? शिवाय आडवे पडल्याने नाक भरते, जिने चढून आल्याने मोकळे होते. मेन्थॉल हुंगले की मोकळे वाटते, पण आतली वाट तेवढीच अरुंद राहते!

साधने आहेत. थंड आरसा नाकाखाली धरून वाफेचे डाग पाहण्याची रीत जुनी. हवेचा दाब आणि प्रवाह मोजणारे यंत्र आहे. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून पोकळी मापण्याची पद्धत १९८९ साली पुढे आली. ही दोन्ही महाग, आणि जाणता हात मागणारी. तोंड मिटून नाकाने जोरात श्वास ओढायचा, मिनिटाला किती लिटर हवा जाते ते पाहायचे, असे हातात मावणारे स्वस्त मापकही आहे. पण मुखवटा सैल बसला, छाती दुबळी असली किंवा जोर कमी लावला, तर आकडा पडतो. शेंबूडही सुजेच्या खात्यात जमा होतो. म्हणून आधी नाक शिंकरावे.

तेव्हा आमचे मागणे एवढेच. माप कामाच्या जागी घ्यावे. पाळीच्या आरंभी आणि अखेरीस, दोन्ही नाकपुड्यांचे मिळून, प्रत्येक वेळी तीनदा. असे बरेच दिवस करावे, रजेतले दिवसही त्यात धरावे. शेजारी कामगाराला काय वाटते तेही लिहावे. कारण यंत्राचा आकडा आणि माणसाची घुसमट यांचा मेळ नेहमी बसत नाही. न बसला तर पुन्हा तपासावे. माणसाला खोटे पाडण्याची घाई करू नये.