चित्रातलं ॲप आणि हातातलं ॲप

‘ॲप तर तयारच आहे. आता फक्त ते चालू करायचं राहिलंय.’ मोबाइलची ॲप बनवण्याच्या व्यवसायात मी बरीच वर्षं आहे आणि हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की समोरच्या माणसानं पिशवीतून लॅपटॉप काढला की मला ते आधीच ऐकू येतं. त्यांचंही चूक नसतं. लॅपटॉपवर सगळं दिसत असतं. रंगीत पडदे असतात, सुबक बटणं असतात, बटण दाबलं की पुढचा पडदा येतो. मग राहिलं काय?

याला आमच्याकडे प्रोटोटाइप म्हणतात. आपण नमुना म्हणू. नमुन्यात बटण असतं, पण बटणामागे काही नसतं. ‘पैसे जमा करा’ वर बोट ठेवलं की ‘पैसे जमा झाले’ असं लिहिलेलं दुसरं चित्र समोर येतं, एवढंच. पैसे कुठे जात नाहीत, कुठे लिहिलेही जात नाहीत. नाटकाच्या नेपथ्यातलं दार असतं ना, तसं. दार छान उघडतं, पण पलीकडे खोली नसते, विंग असते.

म्हणून नमुना म्हणजे फसवणूक, असं मात्र समजू नका. नमुन्याचं काम फार मोलाचं असतं. अमेरिकेतल्या जेफ हॉकिन्स या अभियंत्याची गोष्ट आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक आहे. १९९० च्या दशकात त्याला खिशात मावेल असा छोटा संगणक करायचा होता. त्यानं आधी काय केलं, तर त्या आकाराचा लाकडाचा एक ठोकळा कापला आणि तो खिशात घालून हिंडू लागला. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर लिहिल्याचा अभिनय करायचा. लोक हसले असतील. पण त्या ठोकळ्यानं त्याला एका प्रश्नाचं उत्तर दिलं : ही वस्तू मी रोज जवळ बाळगीन का? पुढे १९९६ मध्ये ‘पाम पायलट’ बाजारात आला आणि गाजला. तो लाकडी ठोकळा आज कॅलिफोर्नियातल्या संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

मात्र ठोकळ्यानं एकाच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, हे विसरून चालत नाही. आत यंत्र कसं बसवायचं, बॅटरी किती दिवस टिकेल, पडली तर काय होईल, यांतलं लाकडाला काहीच ठाऊक नव्हतं.

दुसरी गोष्ट आयफोनची. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी तो जगाला पहिल्यांदा दाखवला. सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. त्या दिवशी मंचावर जे फोन होते, ते अर्धेकच्चे होते. कुठली गोष्ट आधी दाखवायची आणि कुठली नंतर, याचा क्रम ठरवून ठेवलेला होता. क्रम चुकला तर फोन बंद पडण्याची भीती होती. त्या चमूतल्या अभियंत्यांनीच हे पुढे सांगितलं आहे. फोन दुकानात आला २९ जूनला. दाखवण्याजोगा फोन विकण्याजोगा करायला जगातल्या निवडक अभियंत्यांना आणखी जवळजवळ सहा महिने लागले.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही मी चुकलो. ती चूक आज सांगायची आहे.

२०१८ सालची गोष्ट. एका स्वयंसेवी संस्थेला महिला बचत गटांच्या हिशेबासाठी ॲप हवं होतं. बचत गट आपल्याला नवे नाहीत. नाबार्डनं १९९२ मध्ये गट आणि बँक यांना जोडण्याचा प्रयोग ५०० गटांपासून सुरू केला आणि आज गावोगाव गट आहेत. गटाची पंचसूत्री भिंतीवर लिहिलेली तुम्ही पाहिली असेल : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं, चोख हिशेब. त्या पाचव्या सूत्रासाठी आमचं ॲप होतं.

आमच्या डिझायनर मुलीनं तीन आठवड्यांत १४ पडद्यांचा नमुना केला. प्रत्येक सभासदाचं नाव, शेजारी गोल फोटो, खाली हिरवं ‘जमा’ बटण. पुण्यातल्या कार्यालयात मोठ्या पडद्यावर तो दाखवला. सगळे खूश झाले. ‘प्रत्यक्ष ॲप कधी मिळेल?’ असं विचारल्यावर मी म्हणालो, ‘दोन महिने.’ चित्रं तयार होती, त्यांच्यामागे कोड लिहायचा होता. आम्ही तो लिहिला. कार्यालयात ॲप सुरेख चाललं.

पहिली बैठक जुन्नरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याजवळच्या एका गावात होती. देवळाच्या ओसरीवर सतरा बायका जमल्या. प्रत्येकीची बचत २०० रुपये. सचिवताईंच्या हातात साधा, स्वस्तातला अँड्रॉइड फोन. मी मागे खांबाला टेकून बसलो होतो, कौतुक ऐकायला.

पहिलीच अडचण नावांची. नमुन्यात प्रत्येकीचं नाव वेगळं होतं. इथे अर्ध्या गावाचं आडनाव एक आणि त्यात तिघी मंदा. गावात त्यांना वरच्या आळीची, विहिरीजवळची, अशी ओळख होती. ॲपमध्ये आडनावापलीकडे काही लिहायला जागाच नव्हती, आणि फोटो तर कुणाचे काढलेच नव्हते. सचिवताईंनी अंदाजानं बटण दाबलं. तेही दोनदा, कारण मोठ्या पडद्यावर ऐसपैस दिसणारं बटण फोनवर नखाएवढं झालं होतं आणि कष्टाच्या हातांची बोटं त्याच्या शेजारीच पडत होती.

पण खरा घोळ पुढेच होता. त्या ओसरीवर नेटवर्क येऊन-जाऊन होतं. एका मावशींची रक्कम टाकली. पडद्यावर गोल फिरत राहिलं. काहीच होईना म्हणून ताईंनी पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ‘जमा झाले’ असं आलं. पुढे एका आजींची रक्कम टाकताना असंच गोल फिरत असताना ताईंच्या मुलीचा फोन आला. बोलणं होईपर्यंत ॲप मिटलेलं होतं. ताईंनी ते पुन्हा उघडलं आणि पुढच्या बाईचं नाव घेतलं.

शेवटी बेरीज झाली. डब्यात होते ३,४०० रुपये. ॲप सांगत होतं ३,६००.

दोनशे रुपये कमी! कुणी काही बोललं नाही. सतरा बायकांनी डब्याकडे पाहिलं आणि मग सचिवताईंकडे. आजींनी आपलं नाव वाचून घेतलं, तर त्यांच्यापुढे रक्कमच नव्हती. ‘अगं, मी तुझ्या हातात दिलं की गं पैसं,’ त्या म्हणाल्या. ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी कमरेची पिशवी काढली आणि म्हणाल्या, ‘मी घालते दोनशे. विषय नको.’

श्रोतेहो, त्या बाईंच्या घरात दोनशे रुपये म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. चूक माझी होती आणि भरपाई त्या करत होत्या. ‘थांबा, चूक यंत्राची आहे,’ असं मी म्हणालो, पण यंत्रवाल्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? त्यांची अब्रू वाचवली ती वहीनं. नेहमीच्या सवयीनं ताईंनी वहीही लिहिली होती. सतरा ओळी, सतरा सह्या नि अंगठे, बेरीज ३,४००. मग सगळ्यांना हायसं वाटलं.

काय झालं होतं? पूर्वी मनीऑर्डर पाठवली की पोचपावती परत यायची. समजा, पैसे पोचले पण पावती वाटेत हरवली, तर पाठवणाऱ्याला वाटणार पैसे गेलेच नाहीत, आणि तो पुन्हा पाठवणार. मावशींच्या बाबतीत नेमकं हेच झालं. ताईंनी दिलेला निरोप तिन्ही वेळा आमच्या सर्व्हरपर्यंत पोचला, ‘मिळाला’ हे उत्तर दोनदा वाटेत हरवलं. म्हणून २०० चे ६०० झाले. आजींचा निरोप मात्र निघालाच नाही, आणि तो फोनमध्येही कुठे लिहून ठेवलेला नव्हता. ४०० जास्त, २०० कमी, फरक दोनशेचा.

नमुन्यात यातलं काहीच दिसलं नव्हतं. दिसणार कसं? सगळं सुरळीत पार पडतं, अशा एका दिवसाचं ते चित्र होतं. सगळ्या सभासद हजर, नेटवर्क भरपूर, बॅटरी भरलेली, कुणाचा फोन येत नाही, कुणी चुकत नाही. चालतं ॲप करायचं म्हणजे उरलेल्या सगळ्या दिवसांची सोय करायची. खरा वेळ त्यातच जातो. आम्हाला दोन नव्हे, नऊ महिने लागले.

त्या नऊ महिन्यांत आम्ही काय केलं, तेही थोडक्यात सांगतो. पहिलं म्हणजे, प्रत्येक नोंद आधी फोनमध्येच लिहायची, नेटवर्क असो वा नसो. यासाठी ‘एसक्यूलाइट’ नावाची चिमुकली व्यवस्था असते. रिचर्ड हिप या अमेरिकन प्रोग्रॅमरनं ती २००० मध्ये लोकांसाठी खुली केली आणि आज ती प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आहे. दुसरं, फोननं प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरनं समजायचं की ही जुनीच नोंद आहे आणि ती दुसऱ्यांदा मोजायची नाही. मग बटण दहा वेळा दाबलं तरी दोनशेचे दोनशेच राहतात. तिसरं, ‘फोनमध्ये लिहिलं’ आणि ‘वर पोचलं’ या दोन वेगळ्या खुणा दाखवायच्या, खोटा दिलासा द्यायचा नाही.

चौथी गोष्ट आम्ही ताईंच्या वहीवरून उचलली. वहीत चूक झाली तर त्या खोडरबर वापरत नसत. चुकीच्या रकमेवर एक रेघ मारायच्या, शेजारी बरोबर आकडा लिहायच्या आणि सही करायच्या. चूकही दिसते, दुरुस्तीही दिसते. आमच्या नमुन्यात मात्र ‘पुसून टाका’ असं ऐटबाज बटण होतं. ते आम्ही काढून टाकलं.

बटणांचा आकार वाढवला. बोटासाठीची जागा साधारण ९ मिलिमीटर असावी, असं गूगलचं मार्गदर्शन आहे. आम्ही त्याहून मोठी ठेवली. सभासदांच्या यादीत नवऱ्याचं नाव, आळी आणि खरा फोटो आला. मराठी एसएमएसनं तर आमची परीक्षाच पाहिली. इंग्रजी संदेशात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत फक्त ७०, आणि काना-मात्रा-हलन्त सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘क्षमा’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, संगणक तो पाच मोजतो. चित्रात एका ओळीत बसलेला संदेश प्रत्यक्षात दोन एसएमएसचा व्हायचा आणि खर्च दुप्पट. तो काटछाट करून बसवावा लागला.

आणि मुख्य म्हणजे आम्ही कार्यालयातून उठलो. नव्या ॲपची प्रत्येक आवृत्ती त्या ओसरीवर, त्याच फोनवर तपासली. आता गूगलनंही हे काहीसं सक्तीचं केलं आहे. नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी वैयक्तिक खातं उघडलं, त्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी खऱ्या माणसांकडून सलग १४ दिवस तपासून घ्यावं लागतं. आधी अशी किमान २० माणसं लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ वर आणली गेली. नवशिक्यांना हा जाच वाटतो. मला तो दोनशे रुपयांहून स्वस्त वाटतो.

अलीकडे एक नवी गोष्ट झाली आहे. चित्र दाखवलं की काही मिनिटांत कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. मीही ती वापरतो. पूर्वी आठवडा खाणारं काम सकाळच्या चहापर्यंत होतं, हे खरंय. पण आपण दाखवलं नाही, सांगितलं नाही, ते त्या साधनाला कसं कळावं? आमच्या १४ पडद्यांत ती ओसरी नव्हती, तिघी मंदा नव्हत्या, मध्येच येणारा मुलीचा फोन नव्हता. चित्र जितक्या लवकर चालू लागेल, तितक्याच लवकर ते चुकूही लागेल.

तुमच्यापैकी कुणी दुकानासाठी, सोसायटीसाठी, शाळेसाठी ॲप करून घेणार असाल, तर नमुना जरूर पाहा, रंगांबद्दल मत द्या. पण त्यानंतर करून देणाऱ्याला चार प्रश्न विचारा. नेटवर्क गेलं तर काय होईल? बटण दोनदा दाबलं गेलं तर? चूक झाली तर ती दुरुस्त कशी करायची, आणि ती कुणी केली हे दिसेल का? फोन हरवला तर आमचा हिशेब कुठे असेल? उत्तरादाखल त्यानं आणखी एक सुंदर चित्र दाखवलं, तर घाई करू नका. आणि ‘दोन महिने’ म्हणाला, तर माझी आठवण ठेवा.

नऊ महिन्यांनी आम्ही त्या ओसरीवर पुन्हा बैठक घेतली. नेटवर्क तसंच होतं. ताईंनी सतरा नोंदी केल्या. बेरीज आणि डबा जुळला. आजींनी आपलं नाव वाचून घेतलं, रक्कम ऐकली आणि मान हलवली. मी सुटकेचा निःश्वास सोडतोय, तोवर ताईंनी पिशवीतून वही काढली आणि त्याच सतरा नोंदी पुन्हा लिहायला घेतल्या.

‘ताई, आता वही कशाला?’ मी विचारलं.

‘असू द्या हो दादा,’ त्या म्हणाल्या. ‘वही भिजली तर फोन आहे, आणि फोन फसला तर वही आहे.’

मी काही बोललो नाही. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत बसून राहिलो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)