पिवळे डोळे आणि रक्ताची चौकशी
(ज्ञातिमंडळाच्या कारधा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



मी वैद्य नव्हे. मुलांस अंकगणित शिकविण्यात आयुष्य गेलेला शिक्षक आहे. तथापि आजचा विषयही काहीसा अंकगणिताचाच आहे.

डोळे पिवळे दिसले की आपण यकृतास दोष देतो व कावीळ उतरविणाऱ्याचे दार गाठतो. जाणते मूल अंथरूण ओले करू लागले किंवा लघवीत रक्त दिसले, की मूत्रपिंडावर संशय घेतो. पुष्कळदा तो खराही असतो. परंतु आपल्या विदर्भात या दोहोंमागे तिसरेच कारण असू शकते. ते म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार.

यात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही १० ते २० दिवसांतच फुटते. त्यातून इतके पिवळे पित्तद्रव्य निर्माण होते की ते यकृतास आवरत नाही. याच पेशी मूत्रपिंडाच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. त्यामुळे लघवी दाट करण्याची त्याची शक्ती उणावते, क्वचित रक्तही जाते.

शिकागोचे डॉ. हेरिक यांनी १९१० मध्ये अशा पेशींचे प्रथम वर्णन केले. मध्य भारतातील या विकारावरील शुक्ला व सोळंकी या डॉक्टरांचा निबंध १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

आता अंकगणित. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य रुग्ण होण्याचा संभव चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मात्र नव्हे. प्रत्येक जन्मास हिशेब नव्याने मांडावा लागतो.

वाहक माणूस बहुधा धडधाकट असतो. म्हणूनच तो ओळखू येत नाही. आपण सोयरीक ज्ञातीतच जुळवितो, कूळ व पत्रिका पाहतो, रक्त मात्र पाहत नाही. ते विवाहापूर्वी तपासून घ्यावे. ही सोय सरकारी दवाखान्यांतून आहे. जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीमही हाती घेतली आहे.

तपासणीत मुलगी वाहक ठरली म्हणून तिला नाकारणे हा मात्र शुद्ध अन्याय होय. ज्याच्या रक्तात असा कोणताही दोष नाही, त्याच्याशी तिचा विवाह झाल्यास सिकलसेलचा रुग्ण जन्मास येत नाही. दोन वाहकांची गाठ पडत असेल, तेथे आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढेच मागणे आहे.

मंडळाने पुढील वधूवर मेळाव्यापूर्वी रक्ततपासणीचे शिबिर भरवावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.