खिशांतला आवाज मोटारींत

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हंसूं आलें असेल. ज्या मास्तरानें उभें आयुष्य पाढे आणि शुद्धलेखन यांत घालविलें, त्यानें मोबाईलमधलें गाणें मोटारीच्या स्टिरिओवर कसें वाजवावें हें सांगावयास बसावें, हा अधिकाराबाहेरचा उद्योग वाटणें साहजिक आहे. मी यंत्रविद्येचा पदवीधर नव्हें. मॅट्रिक झालेला प्राथमिक शाळेचा शिक्षक. परंतु ज्याला एखादी गोष्ट चटकन् साधते, त्याला ती दुसऱ्यास समजावितां येतेच असें नाहीं. जो तीन वेळां चुकला आहे, त्याला निदान खड्डे कोठें आहेत हें पक्कें ठाऊक असतें. तेवढ्या बळावर मी आपल्यापुढें आलों आहें.

प्रथम या खटाटोपाचें कारण सांगतों. माझी आई जात्यावर ओव्या म्हणत असे. १९८८ सालीं माझ्या धाकट्या भावानें त्या एका कॅसेटवर उतरवून घेतल्या. १९९४ सालीं आई गेली. तिचा आवाज म्हणून घरांत उरला तो एवढाच. सेवानिवृत्तीनंतर मीं एक जुनी मोटार घेतली. तिच्यांत कॅसेटचा टेप होता. मोठ्या हौसेनें आईची कॅसेट त्यांत घातली, आणि दहा मिनिटांत यंत्रानें फीत गिळली! पेन्सिलीनें ती फीत पुन्हां गुंडाळतांना माझे हात थरथरत होते, हें कबूल करतों. तीन-चार ओव्या कायमच्या गेल्या. उरलेल्या पुतण्यानें संगणकाच्या साह्यानें माझ्या मोबाईलमध्यें उतरवून दिल्या. आतां प्रश्न राहिला तो हा, कीं खिशांतल्या या आवाजाला मोटारीच्या स्पीकरपर्यंत न्यावें कसें?

वस्तुतः मोबाईलमध्यें आवाज नसतो, आंकडे असतात. त्या आंकड्यांवरून विजेचा एक क्षीण प्रवाह तयार होतो. स्टिरिओ त्याला बळ देतो. आणि त्या प्रवाहानें स्पीकरचा पडदा हलला म्हणजे आपणांस गाणें ऐकूं येतें. आंकड्यांचा प्रवाह मोबाईलनें करावा कीं स्टिरिओनें, आणि मधलें अंतर तारेनें तोडावें कीं बिनतारी मार्गानें, या दोन प्रश्नांत सर्व प्रकार सामावतात.

मोटारींत गाणें ऐकण्याची हौस कांहीं आजची नाहीं. अमेरिकेंत गॅल्व्हिन बंधूंनीं १९३० सालीं मोटारींतील रेडिओ विक्रीस आणला. ‘मोटोरोला’ हें नांव मुळांत त्या रेडिओचें. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें आपली कॅसेट जगापुढें मांडली, आणि पुढें तीही मोटारींत शिरली. माझ्या मोटारींत रेडिओ व कॅसेट दोन्ही होतीं. मोबाईलसाठीं मात्र दार नव्हतें. तेव्हां खिडकींतून शिरणें भाग होतें.

पहिली खिडकी म्हणजे कॅसेटच्याच आकाराचें एक उपकरण. त्यांत फीत नसते; एक लहानसें चुंबकीय डोकें असतें आणि बाहेर एक तार निघते. ती तार मोबाईलला जोडली, कीं टेपला वाटतें आपल्यापुढें फीतच धांवते आहे! ही फसवणूक निरुपद्रवी असून फार नामी आहे. परंतु माझ्या टेपचीं चाकें झिजलेलीं. त्यामुळें गाण्यापेक्षां खडखडच अधिक ऐकूं येई.

दुसरी खिडकी रेडिओची. सिगारेट पेटविण्याच्या सॉकेटांत बसणारा एक छोटा ट्रान्समीटर मिळतो. तो मोबाईलमधलें गाणें घेऊन हात-दोन हातांच्या अंतरापुरतें एफ्. एम्. केंद्र चालवितो. आपण रेडिओवर तोच आंकडा लावावयाचा. आपल्याकडे हा पट्टा ८७.५ पासून १०८ मेगाहर्ट्झपर्यंत असतो. त्यांतली जी जागा मोकळी असेल ती निवडावी. रानांत ही युक्ति उत्तम चालते. शहर जवळ आलें, कीं त्याच जागीं एखादें बलवान् केंद्र येऊन बसतें. आईच्या ओवीच्या मध्येंच साड्यांच्या सेलची जाहिरात ऐकूं आली, तेव्हां मीं जुना टेप काढून नवा स्टिरिओ बसविण्याचा निश्चय केला.

नव्या स्टिरिओला तीन दारें होतीं. एक ऑक्सचें. साडेतीन मिलिमीटर जाडीची ती पिन टेलिफोनच्या जुन्या एक्स्चेंजमधील जाड पिनेची नात शोभते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोबाईलचा आवाज जवळजवळ पूर्ण वाढवावा आणि कमी-अधिक करणें तें स्टिरिओच्या बटनानें करावें. याच्या उलट केल्यास स्टिरिओ त्या क्षीण प्रवाहाबरोबर खरखरीलाही बळ देतो. दुसरें असें, कीं त्याच वेळीं मोबाईल मोटारीच्या सॉकेटवर चार्जिंगला लावला, तर कित्येकदां इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी एक शीळ ऐकूं येते. मोटारीच्या विजेंतला गोंगाट त्या वाटेनें गाण्यांत शिरतो. चार्जर काढून पाहावा. शीळ थांबली, तर दोष कोठें आहे तें कळलेंच. तारेच्या मध्यें बसणारा एक लहान आयसोलेटर मिळतो, त्यानें हा उपद्रव बहुधा शमतो. अलीकडच्या पुष्कळ मोबाईलांना ऑक्सचें छिद्रच नसतें. आयफोननें तें २०१६ सालीं काढून टाकलें. तेथें एक जोडतुकडा घ्यावा लागतो.

दुसरें दार यूएसबीचें. या वाटेनें आंकडेच स्टिरिओपर्यंत जातात आणि मोबाईलचें चार्जिंगही होतें. मात्र तार निवळ चार्जिंगची असतां कामा नये. तिसरें दार ब्लूटूथचें. दहाव्या शतकांतील डेन्मार्कच्या हॅराल्ड राजाचें हें टोपणनांव; त्यानें विखुरलेल्या टोळ्या एका छत्राखालीं आणल्या, म्हणून विखुरलेल्या यंत्रांना जोडणाऱ्या या पद्धतीला त्याचें नांव मिळालें. एकदां दोन्ही यंत्रांची ओळख करून दिली, कीं पुढें मोटार सुरू होतांच तीं एकमेकांना बहुधा आपण होऊन ओळखतात. तार नाहीं, पिन नाहीं. मला वाटलें, आतां सर्व साधलें.

श्रोतेहो, खरा धडा मला येथेंच मिळाला.

चिपळूणला आमची आक्का असते. तिला आम्ही माहेरपणासाठीं कराडला आणीत होतों. मागच्या आसनावर ती, तिच्याशेजारीं आमच्या सौभाग्यवती. कुंभार्ली घाट चढूं लागलों आणि मीं आईच्या ओव्या लावल्या. तो आवाज आक्कानें तीस वर्षांत ऐकला नव्हता. ती कांहीं बोलली नाहीं. आरशांत मला तिचा पदर डोळ्यांकडे गेलेला दिसला.

इतक्यांत ओवी मध्येंच तुटली. मोटारीच्या चारही स्पीकरांतून घंटा घणघणूं लागली. कोणी तरी कर्ज घेतां कां म्हणून विचारणारा तो फोन होता, हें मागाहून कळलें. ब्लूटूथची रीतच अशी, कीं फोन आला म्हणजे गाण्यानें बाजूस व्हावें. मला राग आला. फोन तोडण्यासाठीं मीं हात पुढें केला. मोबाईल घसरून पायाशीं पडला. आणि मी खालीं वांकलों.

“अहो, समोर!” ही हांक कानीं पडली तेव्हां मोटार वळणाच्या मध्यावर उजवीकडे गेली होती आणि वरून एस्. टी. उतरत होती. मीं चाक कसें फिरविलें तें मला आजही सांगतां येणार नाहीं. त्या एस्. टी.च्या चालकानें गाडी डोंगराला घांसून घेतली, म्हणून मी आज आपल्यापुढें बोलत आहें. पुढें रुंद जागा पाहून मीं मोटार थांबविली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग आक्का शांतपणें म्हणाली, “अरे, आईचा आवाज तीस वर्षें थांबला होता. घाट चढेपर्यंत आणखी थांबला असता.”

घरीं आल्यावर मीं मास्तरकीच्या संवयीनें हिशेब मांडला. ताशीं ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारें ११ मीटर. दोन सेकंद खालीं पाहिलें, तर मोटार २२ मीटर आंधळी धांवली. घाटांतलें वळण तेवढें मोठें नसतें.

कायदाही हेंच सांगतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमान्वयें चालवितांना मोबाईल हातांत वापरणें धोकादायक चालविण्यांत गणलें जातें. पहिल्याच अपराधास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजारापासून पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. परंतु कुंभार्लीच्या त्या वळणावर मला कायदा आठवला नव्हता. म्हणून मीं स्वतःसाठीं कांहीं नियम केले आहेत.

मोटार उभी असतांनाच गाणें निवडावें, आवाज बेताचा ठेवावा. मागच्या वाहनाचा भोंगा ऐकूं आला पाहिजे. गाणीं मोबाईलमध्यें उतरवूनच ठेवावीं, कारण घाटांत नेटवर्क जातें आणि तें गेलें कीं हात नकळत मोबाईलकडे वळतो. निघण्यापूर्वी फ्लाइट मोड लावावा. मग ब्लूटूथ पुन्हां चालूं केलें, तर गाणें वाजतें आणि फोन येत नाहीं. मोबाईल एक तर घट्ट खोबणींत असावा किंवा शेजारच्या माणसाच्या हातीं. आणि गाणें बंद पडलेंच, तर पडूं द्यावें.

परतीच्या वेळीं आक्काला चिपळूणला पोंचवितांना हे नियम मीं पाळले. मोबाईल आक्काच्याच मांडीवर होता. घाट उतरतांना तिनें तो बंद ठेवला. पोफळीशीं रस्ता सरळ झाल्यावर तिनें मला विचारलें, “आतां लावूं कां रे?” मीं होय म्हटलें, आणि तुटलेली ती ओवी आम्हीं शेवटपर्यंत ऐकली.