काटा पुन्हा वर गेला, तर?



दिवाळी सरते.
चकलीचा डबा रिकामा होतो.
आणि वजनकाटा दोन किलो जास्त दाखवतो.
महिनाभर पहाटे उठून केलेलं चालणं वाया गेलं, असं वाटतं.

ते वाया गेलेलं नसतं.

त्या दोन किलोंत चरबी थोडी आणि पाणीच जास्त असतं.
खारट, पिठूळ फराळानं अंगात पाणी साठतं.
नेहमीचं जेवण सुरू झालं, की ते ओसरतं.

कधी वजन उतरता उतरता अडतं.
तो आळशीपणा नव्हे.
हलकं झालेलं शरीर कमी ऊर्जा खर्च करतं, आणि भूक मात्र वाढते.

अमेरिकेत १९९४ साली एक नोंदवही सुरू झाली.
किमान साडेतेरा किलो वजन उतरवून, ते वर्षभर टिकवलेल्या माणसांची.
त्यांतल्या बहुतेकांचे आधीचे प्रयत्न फसले होते.
हो, बहुतेकांचे!
त्यांचा सर्वांत आवडता व्यायाम म्हणजे साधं चालणं.
त्यांतले बरेच जण आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

तेव्हा श्रोतेहो, केलेलं चालणं वाया गेलेलं नाही.
उद्या सकाळी चपला घाला.
कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाऊन या.
काट्यावर उभं राहायचं, ते आठवड्यानं.