अंकीय दूरचित्रवाणी आणि सामान्य प्रेक्षक

(शिक्षक, शासकीय कर्मचारी आणि पंचायत सदस्य यांच्या एका प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा हा पाठ आहे.)



आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय प्रथमदर्शनी आपल्या कामापासून दूरचा वाटेल. दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण जुन्या अॅनालॉग पद्धतीने व्हावे की डिजिटल, म्हणजे अंकीय पद्धतीने व्हावे, हा अभियंत्यांचा प्रश्न आहे. पंचायतीच्या सदस्याचा अथवा शाळेतल्या गुरुजींचा त्याच्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु गेल्या दोन दशकांत जगातील अनेक देशांत हे स्थित्यंतर घडून आले आणि त्यातून जे शिकावयास मिळाले ते यंत्रांविषयी थोडे आणि माणसांविषयी फार आहे. शासनाचा एखादा तांत्रिक निर्णय राजधानीतून निघून सामान्य माणसाच्या उंबरठ्यापर्यंत येतो, तेव्हा त्याचे काय होते, हे समजून घेण्यास इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७३ साली सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे परिसरात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. १९८३ मध्ये इन्सॅट-१ब हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्यानंतरच्या काळात देशभर कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. तालुक्याच्या गावी, टेकडीवर किंवा पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी मनोरा दिसू लागला आणि घराच्या कौलांवर अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना आला. वारा सुटला की अँटेना फिरे. मग एकाने छपरावर चढून तो वळवावयाचा आणि दुसऱ्याने आतून ओरडून सांगावयाचे, ‘आलं, आलं, आता हलवू नको!’ पडद्यावर मुंग्या येत, माणसाची सावली दुहेरी दिसे. परंतु बातम्या ऐकू येत आणि शेतीविषयक कार्यक्रमातील सल्ला समजे.

अॅनालॉग आणि अंकीय पद्धतींतील खरा भेद येथेच आहे. अॅनालॉग पद्धतीत चित्र आणि ध्वनी यांच्या चढउतारांप्रमाणे लहर बदलत असते. लहर क्षीण झाली की चित्रही क्षीण होते, पण पुरते जात नाही. अंकीय पद्धतीत चित्राचे रूपांतर अंकांत होते. लहर पुरेशी असेल तोवर चित्र आरशासारखे स्वच्छ. ती एका मर्यादेखाली गेली की चित्र थिजते, त्याचे चौकोन पडतात आणि पडदा रिकामा होतो. मधली अवस्था जवळजवळ नाहीच. नव्या पद्धतीचा लाभ असा, की जेवढ्या लहरींवर पूर्वी एक वाहिनी जात असे, तेवढ्यांवर आता अनेक वाहिन्या जाऊ शकतात. वाचलेल्या लहरी मोबाईलसारख्या सेवांना देता येतात. म्हणूनच देशोदेशींच्या सरकारांनी हा बदल मनावर घेतला. तो अनाठायी होता, असे कोणीही म्हणणार नाही.

आपल्याकडे हा बदल दोन वाटांनी आला. पहिली वाट केबलची. पूर्वीच्या केबलमध्ये कोणत्या घरात जोडणी आहे याचा विश्वासार्ह हिशेब नव्हता आणि वाहिन्यांची संख्याही मर्यादित होती. १९९५ च्या केबल दूरचित्रवाणी कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन अंकीय प्रक्षेपण आणि त्यासाठी प्रत्येक संचाला सेट-टॉप बॉक्स, ज्याला आपण नुसता ‘बॉक्स’ म्हणतो, तो सक्तीचा झाला. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई ही शहरे होती. ३० जून २०१२ ही मूळ मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ पर्यंत वाढविण्यात आली. दुसऱ्या टप्प्यातील ३८ शहरांसाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. त्यांत महाराष्ट्रातील पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, नाशिक, नागपूर, सोलापूर आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) अशी नऊ शहरे होती. तिसऱ्या टप्प्यात उर्वरित नागरी भाग आणि चौथ्या टप्प्यात ग्रामीण भाग आला. चौथ्या टप्प्याची मुदत अखेरीस ३१ मार्च २०१७ पर्यंत गेली.

या बदलास लोकांनी कसा प्रतिसाद दिला? मुंबई आणि दिल्ली येथे मुदत बहुतांशी पाळली गेली. पश्चिम बंगालच्या शासनाने मुदतवाढीचा आग्रह धरला, चेन्नईत प्रकरण न्यायालयात गेले आणि तिसऱ्या टप्प्यात अनेक राज्यांत उच्च न्यायालयांच्या आदेशांमुळे मुदत लांबली. परंतु हा झाला वृत्तपत्रांत नोंदलेला प्रतिसाद. घराघरांतील प्रतिसाद निराळा होता. चित्र स्वच्छ आले याचा आनंद होताच. त्याबरोबर प्रश्नही होते. चांगला चालणारा संच असताना हजार रुपयांच्या आसपासची पेटी का घ्यावयाची? घरात दोन संच असतील तर दोन पेट्या का? केबलवाला बदलला तर ही पेटी निरुपयोगी का ठरते? त्यातच प्रत्येक ग्राहकाने नाव, पत्ता आणि हव्या त्या वाहिन्या लिहून अर्ज भरून द्यावा, असा नियम झाला. ज्या घरांत अर्ज म्हणजे कर किंवा चौकशी असे समीकरण पिढ्यान्‌पिढ्या रुजले आहे, तेथे हा कागद संशयाने पाहिला गेला. हक्काची पावती मिळावी, ग्राहकाची नोंद व्हावी, हा त्यामागील हेतू होता. पण तो हेतू कागदावर छापलेला नव्हता आणि कागद घेऊन येणाऱ्या मुलालाही तो सांगता येत नव्हता.

पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून तेवढ्यांचेच पैसे देण्याची पद्धत आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी जोडणीशुल्क १३० रुपये, करासह १५३ रुपयांच्या वर, आणि सशुल्क वाहिन्यांचे दर वेगळे, अशी ती रचना होती. तत्त्वतः हा ग्राहकाचा अधिकार होता. प्रत्यक्षात शेकडो वाहिन्यांच्या याद्या पाहून माणसे गोंधळली आणि निवडीची मुदत ३१ मार्चपर्यंत वाढवावी लागली. अधिकार दिला, पण तो वापरण्याची रीत शिकविली नाही, तर अधिकाराचेही ओझे होते.

दुसरी वाट दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपकांची. देशभर असे सुमारे चौदाशे अॅनालॉग प्रक्षेपक होते. ते टप्प्याटप्प्याने बंद होत गेले आणि मोक्याच्या जागी असलेले पन्नासेक वगळता उरलेले मार्च २०२२ पर्यंत बंद करावयाचे असे ठरले. त्यांची जागा घेण्यास डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची उपग्रहसेवा होती. आज तिला आपण ‘फ्री डिश’ म्हणून ओळखतो. छत्री आणि पेटी एकदा विकत घेतली की दरमहा काही द्यावे लागत नाही. कोट्यवधी घरांनी ती आपलीशी केली.

या दुसऱ्या बदलाच्या वेळी फारसा गवगवा झाला नाही. अपवाद म्हणून २०२१ मधील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. आसामातील सिलचर आणि आपल्या सोलापूरला लागून असलेल्या कर्नाटकातील कलबुर्गी येथील प्रक्षेपकांविषयी वार्ता पसरली, ती दूरदर्शन केंद्रच बंद होत असल्याची. बंद होणार होता जुना प्रक्षेपक. कार्यक्रमनिर्मिती चालूच राहणार होती. प्रसारभारतीला तसा खुलासा करावा लागला. आपल्या भाषेचे, आपल्या भागाचे केंद्र हिरावले जाते आहे, ही भावना लोकांच्या मनात का उमटली? कारण सामान्य माणसाच्या लेखी मनोरा म्हणजेच केंद्र होते. काय जाणार आणि काय राहणार, ही दोन वाक्ये आधी सांगितली गेली असती, तर खुलाशाची वेळ आली नसती.

परदेशांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. अमेरिकेत १७ फेब्रुवारी २००९ हा दिवस ठरला होता. जुना संच चालू ठेवण्यासाठी लागणाऱ्या पेटीकरिता सरकारने प्रत्येक घरास चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली. परंतु जानेवारी २००९ च्या प्रारंभीच कुपनांसाठी राखलेली रक्कम संपली, प्रतीक्षायादी वाढत गेली आणि कायदा करून तारीख १२ जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली. त्याआधी, ८ सप्टेंबर २००८ रोजी, उत्तर कॅरोलायना राज्यातील विल्मिंग्टन या शहरात रंगीत तालीम झाली होती. तेथील अनुभव मोठा मार्मिक आहे. तारीखच ठाऊक नव्हती, अशी तक्रार थोड्यांचीच होती. जाहिराती पुष्कळ झाल्या होत्या. तक्रारी आल्या त्या पेटी जोडता येत नाही, वाहिन्या पुन्हा शोधाव्या कशा, पूर्वी दिसणारी अमुक वाहिनी आता का दिसत नाही, अशा. माहिती पोहोचली होती. मदत पोहोचली नव्हती.

ब्रिटनने वेगळी रीत अनुसरली. १७ ऑक्टोबर २००७ रोजी व्हाइटहेवन या किनाऱ्यावरील गावापासून आरंभ करून, एकेक प्रदेश घेत, २४ ऑक्टोबर २०१२ रोजी उत्तर आयर्लंडमध्ये हे काम पूर्ण करण्यात आले. पंचाहत्तरी गाठलेले वृद्ध, अपंग आणि दृष्टिहीन यांच्यासाठी स्वतंत्र साहाय्य योजना होती. माणूस घरी येई, पेटी जोडी, बटणे कशी दाबावयाची ते शिकवी आणि पुढेही अडचण आल्यास दूरध्वनीवर मदत मिळे. या योजनेसाठी राखलेल्या रकमेचा मोठा भाग शिल्लक राहिला. पुष्कळांचे काम मुलांनी, नातवंडांनी, शेजाऱ्यांनीच करून दिले असावे. मदतीची खात्री असणे आणि मदत प्रत्यक्ष घ्यावी लागणे या भिन्न गोष्टी आहेत. खात्री असली की घबराट होत नाही.

आता आपल्याकडे वळू. वास्तविक आपल्या खेड्यांत नातवंडे आणि शेजारी यांची उणीव नाही. बहुतेक घरांत छत्रीची दिशा लावून दिली ती गावातल्या एखाद्या विजेचे काम जाणणाऱ्या तरुणाने. परंतु ज्यांच्या घरी असे कोणी नव्हते त्यांचे काय झाले? दौऱ्यावर असताना एका वस्तीवरील वृद्ध बाईंना मी सहज विचारले, ‘आजी, टीव्ही लावत नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘बिघडलाय बाबा, दोन वर्षं झाली.’ संच बिघडला नव्हता. तालुक्याचा प्रक्षेपक बंद झाला होता आणि ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी तक्रार केली नाही, अर्ज दिला नाही, त्या कोणत्याही आकडेवारीत आल्या नाहीत. कागदोपत्री त्या वस्तीत सर्व सुरळीत होते.

मित्रहो, माझ्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. विरोध करणारा माणूस आपणांस दिसतो. न्यायालयात जाणारा दिसतो. केबलवाल्याशी भांडणाराही दिसतो. ज्याचा पडदा रिकामा झाला आणि जो गप्प बसला, तो दिसत नाही. त्याच्या मौनाला आपण संमती समजतो. जुन्या चित्रातील मुंग्यांप्रमाणे पूर्वी तक्रारीही हळूहळू वाढत आणि आपणांस सावध करीत. आता सेवा एक तर पूर्ण असते किंवा मुळीच नसते, आणि नसली तर आवाजही येत नाही.

हा केवळ करमणुकीचा प्रश्न नव्हे. २०२० मध्ये महामारीमुळे शाळा बंद होत्या, तेव्हा पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ ही मालिका जुलैपासून दाखविण्यात आली. ज्या घरी इंटरनेट नव्हते, तेथे तोच वर्ग होता. येथे बसलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी त्या काळात, कोणत्या मुलाच्या घरी सह्याद्री दिसते आणि कोणाच्या घरी नाही, याची यादी करून ठेवली असेल. ज्यांनी केली, त्यांनी एका अर्थाने अंकीय स्थित्यंतराची खरी पाहणी केली. ज्या मुलाच्या घरी पडदा रिकामा होता, त्याचा वर्ग बुडाला, आणि त्याचे कारण कोणत्याही हजेरीपटावर लिहिले गेले नाही.

म्हणून आपल्यापुरते काही नियम करून घ्यावेत, असे मी सुचवितो. सेवेत बदल होणार असेल, मग ती दूरचित्रवाणी असो, शिधापत्रिका असो वा दाखल्यांची संगणकीय पद्धत असो, तर ग्रामसभेत चार गोष्टी सोप्या मराठीत सांगाव्यात: काय बंद होणार, काय चालू राहणार, मला काय करावे लागेल व त्यास खर्च किती, आणि अडल्यास कोणाकडे जावे. चौथ्या प्रश्नाचे उत्तर कार्यालयाचे नाव नसावे. ते गावातल्या एखाद्या माणसाचे नाव असावे. दुसरे असे, की एकटे वृद्ध, अपंग आणि दूरच्या वस्त्या यांची यादी बदल होण्यापूर्वी करावी. आणि तिसरे, बदल झाल्यावर महिन्याभराने त्या यादीतील घरी स्वतः जाऊन पाहावे. यास निधी लागत नाही, शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

माहिती खात्यात काम करणाऱ्या आम्हा मंडळींना पत्रक निघाले की काम झाले, असे वाटण्याचा मोह असतो. पत्रक हा कामाचा आरंभ आहे. ते घरात वाचले गेले, समजले आणि त्याप्रमाणे एक तार योग्य जागी जोडली गेली, म्हणजे माहिती पोहोचली. त्या शेवटच्या टप्प्यावर शासनाचा प्रतिनिधी कोण असतो? तो अभियंता नसतो, आम्हीही नसतो. तेथे असता तुम्ही.