इंजिन नेमकं कुणाचं?

मसाला कांडपासाठी आमच्या गटानं एका जुन्या गुऱ्हाळाची शेड भाड्यानं घेतली. झाडलोट करताना कोपऱ्यात पाचटाखाली एक इंजिन निघालं. शेड आक्कांची. इंजिन त्यांच्या सासऱ्यांनी आणलेलं, एवढंच त्यांना ठाऊक. दुसऱ्याच दिवशी भंगारवाला हजर. "नुसतं बीड आहे, किलोवर घेतो," म्हणाला. आक्का तयारही झाल्या होत्या. आम्हीच म्हटलं, आक्का, आठ दिवस थांबा. विकायचं तर विका, पण काय विकतोय ते तरी कळू दे.

नावाची पट्टी गायब होती. रिबिटांची चार भोकं तेवढी राहिलेली. गावात ज्याला विचारावं तो म्हणे, किर्लोस्करच. आपण कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो, तसंच हे. किर्लोस्करांचा पुण्याचा ऑइल इंजिनचा कारखाना 1946 चा. पण त्याआधीही विलायती इंजिनं आपल्याकडं येत होती, आणि साताऱ्याच्या कूपरचीही होतीच. म्हणून नाव बाजूला ठेवलं आणि अंग बघायला बसलो. गुरं ओळखताना शिंगं, खांदा, खूर बघतोच की आपण.

पहिलं, ते पेटतं कशानं? स्पार्क प्लग आणि मॅग्नेटो असेल तर पेट्रोल-रॉकेलचं. डोक्यावर बिडाचा गोळा आणि तो दिव्यानं तापवायची सोय असेल तर त्याहून जुन्या चालीचं. आमच्याकडं दोन्ही नव्हतं. जाड पोलादी नळी पंपाकडून इंजेक्टरला गेलेली. म्हणजे डिझेल.

दुसरी परीक्षा आम्हांला फार आवडली, कारण ती हातानं करायची. आधी डिझेल बंद केलं आणि चाक फिरवायला गेलो, तर हलेचना. जोर लावला नाही, तेवढी अक्कल होती. मिस्त्रींनी वरून थोडं डिझेल आणि तेल सोडलं. चार दिवसांनी चाक सुटलं. मग हळूहळू फिरवत राहिलो. एका ठिकाणी जड लागायचं, पुढचा अख्खा फेरा हलका, मग परत जड. दर फेऱ्याला जड लागलं असतं तर ते दोन स्ट्रोकचं. एक फेरा सोडून जड लागतं ते चार स्ट्रोकचं: हवा ओढणं, दाबणं, पेटणं, धूर टाकणं, या चार कामांना दोन फेरे लागतात. ही परीक्षा घरी करणार असाल तर हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा. वेढा घालून धरलात आणि हँडल उलटं आलं, तर अंगठा जातो.

मग पाने लावून पाहिले. हल्लीचे मिलिमीटरचे पाने एक सैल, दुसरा बसेचना. मिस्त्रींचे जुने सुताचे पाने मात्र चपखल बसले. म्हणजे घडण इंची मापाची. बिडावर रंगाखाली आकडेही होते. आम्हांला वाटलं, सापडला नंबर! मिस्त्री हसले. ते आकडे साच्यातच उठलेले, त्या एका भागाचे. इंजिनचा स्वतःचा नंबर बहुतेक पट्टीवर असतो किंवा ठोकून उठवलेला असतो.

आता चेहरामोहरा. सिलिंडर उभा, दोन्ही अंगांना आऱ्यांची दोन मोठी चाकं, पाण्यानं थंड होणारं. आणि हेडच्या बाजूला एक छोटी हातचाकी. ती बघून मिस्त्रींचे डोळे चमकले. सुरू करताना ती आत फिरवायची. आतली जागा कमी होते, हवा जास्त दाबली जाते आणि गार इंजिनही पेट घेतं. तापून कामाला लागलं की बाहेर घ्यायची. ही खूण इंग्लंडमधल्या डर्सली गावच्या लिस्टर इंजिनची. हेड उघडून मापं घेतली: सिलिंडर साडेचार इंच, दट्ट्याची चाल साडेपाच. लिस्टरच्या 6 घोड्यांच्या, मिनिटाला 650 फेऱ्यांच्या इंजिनची हीच मापं.

आम्ही टाळ्या वाजवल्या, पण गंमत पुढंच आहे. याच घडणीची इंजिनं गुजरातेत राजकोटला ढीगभर बनली, तीही इंचीच. चाकी, चाकं, मापं सगळं जुळलं तरी "लिस्टर जातीचं" एवढंच छातीठोक सांगता येतं. डर्सलीचं की राजकोटचं, ते पट्टी किंवा कागदच सांगणार. ज्यांच्याकडं असं इंजिन असेल त्यांनी म्हणूनच पट्टी घासू नका, तिच्यावर रंग मारू नका, आणि कुणाला "आठवण म्हणून" काढूनही देऊ नका.

आक्कांच्या दृष्टीनं मात्र जात कळली हेच मोठं. या जातीचे सुटे भाग आजही मिळतात, म्हणजे दुरुस्त होऊ शकतं. आणि डर्सलीचं निघालंच, तर जुनी इंजिनं हौसेनं जपणारे लोक किलोवर भाव करत नाहीत.

भंगारवाला परवा पुन्हा येऊन गेला. या खेपेला आपणहून भाव वाढवून बोलला. आक्कांनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. सध्या त्या सासऱ्यांच्या ट्रंकेत जुनी पावती शोधताहेत. आतापर्यंत विहिरीचा नकाशा आणि साखर कारखान्याच्या चिठ्ठ्या निघाल्यात. अर्धी ट्रंक अजून बाकी आहे.